आमदारांकडून विधानसभेत प्रश्न कसा लावून घ्यायचा: इंदूरकरांसाठी

आमच्या गल्लीतल्या एका आजींची वृद्धापकाळाची पेन्शन पाच महिने बंद होती. रक्कम महिन्याला 600 रुपये. मुलगा बँकेत गेला, तिथे कळलं की वरून पैसेच आले नाहीत. एका कार्यालयात गेला, तिथले बाबू म्हणाले, "पोर्टल से बंद है." आता पोर्टलला ना तोंड ना पत्ता, भांडायचं कुणाशी? मग कट्ट्यावर कुणीतरी सुचवलं, आमदारांना सांगून विधानसभेत प्रश्न लावा. लावला. पहिल्या वेळी आमच्याच चुकीने परत आला, दुसऱ्या वेळी यादीत गेला. त्या दोन फेऱ्यांत जे कळलं ते इथे मांडतो. इंदूरच्या मराठी घरांतून सुशिक्षित, निवृत्त, वेळ असलेली माणसं भरपूर आहेत. अर्ज लिहायचा हात आहे, पण तो बहुतेक वेळा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर खर्च होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. महाराष्ट्रातले नातेवाईक फोनवर "लक्षवेधी लावा" वगैरे सल्ले देतात. ते शब्द तिकडचे. आपलं कामकाज भोपाळला, हिंदीत चालतं. लक्षवेधीला इथे ध्यानाकर्षण म्हणतात, विधान परिषद आपल्याकडे नाहीच, 230 सदस्यांची विधानसभा हे एकच सभागृह. म्हणून खाली प्रश्नांचे नमुने हिंदीत दिले आहेत, कारण शेवटी ते तसेच जावे लागतात.

आधी ठरवा, हा विधानसभेचा विषय आहे का

घरासमोरचा दिवा बंद आहे, ड्रेनेज तुंबलंय, कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही, यासाठी विधानसभा नाही. त्यासाठी निगमाचं, म्हणजे महापालिकेचं, 311 अ‍ॅप आहे, झोनचं ऑफिस आहे, पार्षद म्हणजे नगरसेवक आहेत. राज्याच्या कुठल्याही खात्याची तक्रार असेल तर सीएम हेल्पलाइन 181. तिथे तक्रार चार पायऱ्यांनी वर चढते, आणि तक्रारदाराचं समाधान झालं का हे विचारूनच ती बंद व्हायला हवी. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. शिवाय मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे. ठरावीक दाखले, मंजुऱ्या किती दिवसांत मिळाल्या पाहिजेत हे त्यात बांधलेलं आहे. आपली सेवा त्या यादीत आहे का, हे लोकसेवा केंद्रात जाऊन आधी पाहा. असेल तर अपिलाचा रस्ता तिथेच आहे.

हे सगळं आधी करायचं ते दोन कारणांनी. एक, निम्मी कामं तिथेच होतात. दुसरं, जी होत नाहीत त्यांचे तक्रार क्रमांक तुमच्या हाती राहतात. आमच्या एका तक्रारीवर, खातं कुठलं ते सोडा, "निराकृत", म्हणजे निकाली, असा शेरा पडला आणि आजींना एक रुपयाही मिळाला नव्हता. तेव्हा संताप आला होता. पुढे तोच शेरा आमच्या फायलीतला सगळ्यात कामाचा कागद ठरला.

विधानसभेचा विषय होतो तो एकाच्या अडचणीमागे वीस जणांची तीच अडचण दिसली की. आम्ही मंदिरात, किराण्याच्या दुकानात, भिशीच्या बायकांमध्ये विचारलं. दोन दिवसांत अकरा जणांची पेन्शन थांबलेली निघाली. कुणाची समग्र आयडीची (राज्याच्या ओळख क्रमांकाची) ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, राहिली होती, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, एका आजोबांना तर कारणच कळलेलं नव्हतं. अकराजण झाले की ती तक्रार राहत नाही, ती कामाची पद्धत होते. पद्धतीबद्दलच प्रश्न विचारता येतो.

कुणाच्या अंगणात चेंडू आहे

हे चुकलं तर बाकी सगळं फुकट. पेन्शन, दिव्यांगांच्या योजना: सामाजिक न्याय व दिव्यांगजन कल्याण विभाग. अंगणवाडी, लाडली बहना: महिला व बाल विकास. रेशन: खाद्य विभाग. शहरातलं नर्मदेचं पाणी, रस्ते, सफाई: निगमाचं काम, पण सभागृहात उत्तर देणार नगरीय विकास व आवास विभागाचे मंत्री. शहराबाहेरच्या गावातली नळजल योजना मात्र लोक स्वास्थ्य यांत्रिकीकडे, ज्याला सगळे पीएचई म्हणतात. एकाच रस्त्याच्या अलीकडे निगम आणि पलीकडे पंचायत अशी परिस्थिती इंदूरच्या कडेला जागोजाग आहे, तेव्हा आधी हद्द तपासा.

काही गोष्टी भोपाळच्या हातातच नसतात. महूच्या छावणी भागातलं पाणी, रस्ते कँटोन्मेंट बोर्डाकडे, आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली. त्याचा प्रश्न लोकसभेत जाईल, आणि तोही इंदूरच्या खासदारांकडून जाईल असं धरून चालू नका, कारण महू विधानसभा क्षेत्र धार लोकसभेत मोडतं. बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांची ईपीएस, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, पेन्शन, जिचं किमान 2014 पासून 1000 रुपयांवर अडलंय, तीही केंद्राचीच.

आणि काही गोष्टी दोन खिशांतून येतात. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाला. त्यातल्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या माणसामागे केंद्र 200 रुपये देतं, 80 नंतर 500. वरची भर राज्याची. म्हणजे "केंद्राचा वाटा वाढणार का" हा खासदारांचा प्रश्न, आणि "आमच्या वॉर्डात किती जणांची थांबली" हा आमदारांचा. आमच्या एका कच्च्या मसुद्यात दोन्ही एकत्र होते. "या भागाशी राज्य शासनाचा संबंध नाही" एवढं म्हणायला आपणच जागा ठेवली होती.

कोणते आमदार

इंदूर जिल्ह्यात नऊ जागा: इंदूर 1 ते 5, राऊ, सांवेर, देपालपूर आणि डॉ. आंबेडकर नगर-महू. आपण कुठल्या क्षेत्रात आहोत हे मतदार यादीत पाहा, अंदाजाने जाऊ नका. एका कॉलनीच्या दोन बाजू दोन क्षेत्रांत असतात.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी अडचण आहे. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देतात. 2023 च्या निवडणुकीनंतर इंदूर-1 चे आमदार कैलाश विजयवर्गीय नगरीय विकास मंत्री झाले, सांवेरचे तुलसी सिलावट जलसंसाधन मंत्री. आपले आमदार मंत्री असले तर त्यांना भेटून काम सांगता येतं, आणि कधीकधी ते प्रश्नापेक्षा लवकर होतं. पण प्रश्न लावायचा असेल तर दुसरे सदस्य शोधावे लागतात. ते चालतं. कुठलेही सदस्य राज्यातल्या कुठल्याही भागाबद्दल विचारू शकतात.

दुसरी अडचण नाजूक. त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा एकाच पक्षाला गेल्या, आणि सरकारही त्याच पक्षाचं. सत्ताधारी आमदार प्रश्न विचारत नाहीत असं अजिबात नाही, याद्या उघडून पाहा, त्यांची नावं भरपूर असतात. पण आपल्याच सरकारला टोचणारा मजकूर ते उचलणार नाहीत, आणि का उचलावा? म्हणून मसुदा असा हवा की विरोधी आमदारालाही तो चालेल आणि सत्ताधाऱ्यालाही. फक्त संख्या, तारीख, आदेश. विशेषण एकही नाही. हे राजकीय चातुर्य वाटेल, पण नियमही तेच सांगतात, ते पुढे येतंच आहे.

पैशाचा विषय निघाला तर तिथून उठून या, मग तो मदतनीस असो की मध्यस्थ. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर 2005 मध्ये संसदेच्या 11 सदस्यांची हकालपट्टी झाली होती. प्रश्नाला फी नसते.

वेळेचं गणित

सभागृह वर्षभर भरत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बजेटचं सत्र, मग पावसाळी, मग हिवाळी. दोन सत्रांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये असं घटनेच्या कलम 174 मध्ये आहे, त्यापलीकडे तारखा सरकारच्या सोयीच्या. सत्राची अधिसूचना निघते तेव्हाच प्रश्न कधीपासून कधीपर्यंत घेतले जातील हेही ठरतं, आणि ती मुदत पहिल्या बैठकीच्या बरीच आधी संपते. कुठल्या वारी कोणत्या खात्याची उत्तरं, हेही ठरलेलं असतं. सत्र सुरू झाल्याची बातमी वाचून आमदारांकडे धावलात तर गाडी सुटलेली असते. आम्ही असेच एकदा प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो होतो.

मसुदा अधिसूचनेच्या आधी तयार हवा. शांत महिन्यांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. माहितीच्या अधिकारात "का" विचारून उपयोग नसतो, कागद मागायचे. पेन्शन थांबवण्याबाबतच्या परिपत्रकाची प्रत, वॉर्डाची लाभार्थी संख्या, बस. तीस दिवसांत उत्तर आलं तर प्रश्नाला पाया मिळतो. नाही आलं तर अर्जाची पोच मिळते, तीही चालते.

मसुदा: इथेच सगळं ठरतं

आमचा पहिला प्रश्न असा होता. लिहिताना फार बरं वाटलं होतं:

"क्या यह सही है कि इंदौर में प्रशासन की घोर लापरवाही से हजारों गरीब वृद्धों की पेंशन बंद कर दी गई है? यदि हाँ, तो इसके लिए कौन दोषी है और सरकार इन वृद्धों को कब न्याय देगी?"

परत आला. यायलाच हवा होता. प्रश्नात आरोप, उपहास, विशेषणं, तर्क, मताची मागणी, काल्पनिक परिस्थिती चालत नाही. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण चालत नाही. एकदा उत्तर दिलेलं पुन्हा तसंच विचारता येत नाही. लोकसभेच्या नियमांत प्रश्न 150 शब्दांच्या वर नको असं आहे, विधानसभेसाठी लिहितानाही तेच माप धरा. आणि समजा तो प्रश्न चुकून यादीत गेलाच असता, तर उत्तर एका ओळीचं आलं असतं: "जी नहीं। शेष प्रश्नांश उपस्थित नहीं होता।" हजारो बंद झाल्या नाहीत, सातशेच झाल्या, म्हणून "जी नहीं". पूर्ण खरं उत्तर, आणि आपल्या हातात काहीच नाही.

दुसरा मसुदा आम्ही पाच बैठकांत, चहाचे चौदा कप आणि एक भांडण यांच्या खर्चात केला:

"क्या सामाजिक न्याय मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि (क) इंदौर नगर पालिक निगम के वार्ड क्रमांक अमुक में 1 अप्रैल की स्थिति में वृद्धावस्था पेंशन के कितने हितग्राही थे तथा प्रश्न दिनांक तक कितने हैं? (ख) उक्त अवधि में कितने हितग्राहियों का भुगतान रोका गया? मृत्यु, ई-केवायसी, बैंक खाता एवं अन्य, कारणवार संख्या बतावें। (ग) भुगतान रोकने के पूर्व हितग्राही को सूचना देने के क्या निर्देश हैं? आदेश की प्रति देवें। (घ) प्रश्नांश (ख) में से कितनों का भुगतान पुनः प्रारंभ हुआ, कितनों को रुकी अवधि की राशि दी गई तथा शेष प्रकरण किस पद के अधिकारी के पास किस दिनांक से लंबित हैं?"

आता एकेक तुकडा पाहा. (क) मध्ये दोन तारखांच्या दोन संख्या आहेत. वजाबाकी आपण घरी करू शकतो, म्हणून "कितने कम हुए" असं विचारलेलंच नाही. "प्रश्न दिनांक तक" हा आपल्या विधानसभेतला रूढ शब्दप्रयोग. तो टाकला नाही की मार्च महिन्याची शिळी आकडेवारी येते. (ख) मध्ये कारणांची नावं आपणच दिली. ती दिली नसती तर "विभिन्न तकनीकी कारणों से" एवढंच मिळालं असतं. (ग) हा माझ्या मते सगळ्यात जड तुकडा. सूचना द्यायचा आदेश असेल तर आजींना ती का मिळाली नाही, आणि आदेशच नसेल तर तो का नाही. दोन्ही वाटांनी पुढचा प्रश्न तयार होतो. (घ) मध्ये अधिकाऱ्याचं नाव न विचारता पद विचारलं. नाव विचारलं की प्रश्न व्यक्तिगत होतो, पद विचारलं की कारभाराचा राहतो.

एकच वॉर्ड का घेतला यावर आमच्यात भांडण झालं. एका काकांचं म्हणणं, विचारायचंच तर अख्ख्या इंदूरचं विचारा, 85 वॉर्डांचं! मोह समजण्यासारखा आहे. पण संपूर्ण जिल्हा, गेली दहा वर्षं, सगळ्या योजना, असं मागितलं की "जानकारी एकत्रित की जा रही है" हे उत्तर ठरलेलं, आणि ते प्रामाणिकही असतं. एका वॉर्डाची यादी एका बाबूला एका दुपारी काढता येते, मग नाही म्हणायला निमित्त उरत नाही. काका अजूनही पूर्ण पटले नाहीत, पण त्यांनी टायपिंग करून दिलं.

लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, फोटो प्रश्नात किंवा जोडपत्रात घालू नका. उत्तरं संकेतस्थळावर जातात, कायमची. अकरा जणांची यादी आमदारांना वेगळ्या पाकिटात द्या, सभागृहासाठी फक्त संख्या.

अंगणवाडीसाठी हीच रीत. "अंगणवाडीची अवस्था दयनीय आहे" असं लिहू नका. वॉर्डात किती केंद्रं, त्यातली किती भाड्याच्या खोलीत, दर महिन्याचं भाडं किती आणि शेवटचं कधी दिलं, किती केंद्रांत शौचालय आणि नळ आहे, सेविका-मदतनिसांची किती पदं कोणत्या तारखेपासून रिकामी. भाडं शेवटचं कधी दिलं, हे वाक्य घरमालकाशी बोलल्याशिवाय सुचत नाही. पाण्याबद्दल विचारताना टाकीचं नाव घ्या, वेळ घ्या. शहरात बऱ्याच भागांत नर्मदा एक दिवसाआड येते, तेव्हा "पाणी कमी येतं" याला काही अर्थ नाही. अमुक टाकीवरून गेल्या महिन्यात किती दिवस, किती मिनिटं, आणि पाण्याचे नमुने कोणत्या तारखांना तपासले, निकाल काय, हे विचारा. नर्मदा 1978 साली शहरात आली, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं पाणी आहे ते. इतक्या लांबून आलेल्या पाण्याची शेवटच्या दोनशे मीटरची नोंद कुणाकडे तरी असलीच पाहिजे.

तारांकित की अतारांकित

तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि आमदारांना पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर फक्त छापून येतं. सगळ्यांना तारा हवा असतो, टीव्हीवर दिसतं म्हणून. पण प्रश्नकाल एका तासाचा, सकाळी 11 ते 12. तोंडी उत्तराच्या यादीत 25 प्रश्न असतात, आणि शेवटच्या क्रमांकांपर्यंत तास सहसा पोचत नाही. तारांकित म्हणून दिलेले बाकीचे प्रश्न अतारांकितात बदलून छापले जातात. प्रश्नोत्तरीचा तो वेगळा भागच असतो.

आकडे हवे असतील तर अतारांकित पुरेसा, माझं मत तर असं की तोच बरा. उत्तर सविस्तर मिळतं. मंत्र्यांकडून शब्द घ्यायचा असेल, "हे अमुक महिन्यात करू" असं वदवायचं असेल, तेव्हाच तारांकित. मग आमदारांना एका कार्डावर दोन पूरक प्रश्न लिहून द्या. दोनच. चार दिलेत तर ते एकही वाचणार नाहीत.

प्रश्नाखेरीज आणखी तीन वाटा आहेत. शून्यकालाची सूचना: तातडीची, छोटी. ध्यानाकर्षण: एखादी घटना घडली असेल, मंत्र्यांनी निवेदन करावं असं वाटत असेल तेव्हा. आणि याचिका, जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. अमुक रस्ता, अमुक पूल, अमुक शाळेची इमारत अशा मागण्यांच्या याचिका आपल्या विधानसभेत आमदार मोठ्या संख्येने सादर करतात, आणि त्या याचिका समितीकडे जातात. माहिती हवी असेल तर प्रश्न, काम हवं असेल तर याचिका, असा ढोबळ हिशेब ठेवा.

आमदारांना भेटताना

वीस जणांचं शिष्टमंडळ नेऊ नका. तिघं जा, त्यात एक ज्यांची पेन्शन थांबली आहे त्या आजी असाव्यात. हातात एका पानाचा मसुदा, मागे जोडपत्रं: तक्रार क्रमांक, माहिती अधिकाराची पोच, वर्तमानपत्राचं कात्रण असल्यास ते. मसुद्याची फाइल आमदारांच्या निज सचिवांना व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, टाइप केलेली, कारण प्रश्न प्रत्यक्षात तेच भरतात. त्यांच्याशी नीट बोला. कोणत्या दिवशी आपल्या खात्याची पाळी आहे, आमदारांच्या वाट्याचे प्रश्न भरले का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आमदार मसुद्यात फेरफार करतील. करू द्या. सही त्यांची, जबाबदारी त्यांची. फक्त "कारणवार" आणि "आदेश की प्रति देवें" हे दोन तुकडे गळू नयेत एवढी विनंती करा, आणि कारण सांगा.

आपल्या इंदूरला हे कामकाज अगदी परकं नाही. चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्रा महाजन, आपल्या ताई, 1989 ते 2019 इथल्या खासदार होत्या, आणि शेवटची पाच वर्षं लोकसभेच्या अध्यक्ष. प्रश्नकाल चालवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात, सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. खासदारांकडे जायचं असेल तर हे हिशेब लक्षात ठेवा.

उत्तर यायच्या आधीच हालचाल

प्रश्न स्वीकारला गेला की सचिवालयातून तो खात्याकडे, वल्लभ भवनातून, म्हणजे भोपाळच्या मंत्रालयातून, संचालनालयाकडे, तिथून कलेक्टर किंवा निगम आयुक्तांकडे, आणि शेवटी ज्या टेबलावर आपण महिनाभर उभे होतो त्याच टेबलावर येतो. फरक इतकाच की आता त्यावर "विधानसभा प्रश्न" लिहिलेलं असतं आणि उत्तर कधीपर्यंत हवं तेही. सभागृहाला चुकीची माहिती देणं विशेषाधिकार भंगाच्या (सभागृहाच्या हक्कांवर गदा आणल्याच्या) चौकशीपर्यंत जाऊ शकतं, म्हणून त्या टेबलावर खरंच मोजणी होते. आमच्या अकरा जणांपैकी सात जणांची पेन्शन उत्तर छापून येण्याआधी सुरू झाली. आजींच्या मुलाला एका संध्याकाळी फोन आला, कागद घेऊन या म्हणून. मोजायला बसल्यावर त्यांनाच ते प्रकरण सापडलं असावं.

उत्तर वाचायचं कसं

उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार असतात. भाषा ठरलेली, ती एकदा कळली की वाचायला मजा येते.

"जानकारी एकत्रित की जा रही है" म्हणजे आत्ता काही नाही. पण इथे सोडू नका. मागच्या सत्रांतल्या अपूर्ण उत्तरांची पूर्ण उत्तरं नंतर पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवली जातात, त्यांचं संकलन निघतं. पुढच्या सत्रात ते शोधायचं. बहुतेक लोक हे विसरतात, आणि खात्यालाही ते ठाऊक असतं.

"जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार है." म्हणजे आकडे आहेत, पण भोपाळच्या विधानसभा ग्रंथालयात. संकेतस्थळावर फक्त हे वाक्य दिसतं आणि लोकांना वाटतं उत्तरच दिलं नाही. आमदारांकडून त्या परिशिष्टाची प्रत मागा, त्यांना ती मिळते. आमच्या (ख) चं सगळं कारणवार कोष्टक तिथेच होतं.

"प्रश्न उपस्थित नहीं होता": आधीच्या भागाला "जी नहीं" म्हटल्याने पुढचं गळालं. चूक बहुधा आपल्या मसुद्याची. "क्या यह सही है" ने सुरुवात केली की हा सापळा आपणच लावतो.

"समय-सीमा बताया जाना संभव नहीं है": "कब तक" विचारलं की हेच येतं. म्हणून आम्ही "कब तक" विचारतच नाही. आजवर काय झालं, कुठल्या तारखेपासून अडलंय, एवढं विचारतो. भूतकाळाच्या तारखा कागदावर असतात, त्या नाकारता येत नाहीत.

"नियमानुसार कार्यवाही की जा रही है": कुठला नियम, ते पुढच्या वेळी विचारायचं.

मंत्र्यांनी "परीक्षण करा लेंगे", "कार्यवाही करेंगे" असं काही म्हटलं असेल तर ते आश्वासन ठरू शकतं. शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे, ती त्याचा पाठपुरावा करते. आमदारांना एक ओळीचं पत्र देऊन विचारा, हे आश्वासनांच्या यादीत गेलं का. आणि उत्तरच खोटं निघालं, म्हणजे "सबको सूचना दी गई" असं छापलं आणि आपल्या अकरापैकी एकालाही मिळाली नव्हती, तर वर्तमानपत्राकडे जाण्याआधी त्या अकरा जणांची सही असलेलं निवेदन आमदारांना द्या. प्रश्न एवं संदर्भ समितीकडे जायची वाट त्यांच्याच हातून आहे.

आमच्या उत्तरातला (ग) मात्र अर्धाच आला. निर्देश आहेत असं छापलं, प्रत जोडली नाही. त्यामुळे फाइल बंद केलेली नाही. फायलीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या आहेत: प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, परिशिष्टाचं नाव. पुढच्या सत्राचा मसुदा त्यांच्यावरूनच सुरू होईल: "अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक अमुक के प्रश्नांश (ग) के उत्तर में उल्लेखित निर्देश की प्रति उपलब्ध करावें." टायपिंग काकाच करणार आहेत. या वेळी दोन वॉर्ड घ्यायचे असं त्यांनी आधीच बजावलंय.